वाजतोय म्हणजे आहे!

भाईंदर पूर्वेला नवघर रोडच्या आसपास राहणाऱ्या माणसाला गजर लावायची गरज नसते. पहाटे खाली कुठलातरी जुना पिकअप सेल्फ मारतो, एकदा खोकतो, दुसऱ्यांदा धरतो आणि मग जी किंचाळी फुटते ती थेट चौथ्या मजल्यावरच्या मच्छरदाणीत शिरते. नवीन राहायला आलेला माणूस धडपडत खिडकीशी जातो. चाकाखाली कुत्रं आलं की काय, अशी त्याला शंका. जुना रहिवासी कूस बदलतो आणि "भांडीवाला निघाला, म्हणजे अजून तासभर झोपायला हरकत नाही" असा हिशेब करून पुन्हा घोरायला लागतो. पावसाळ्यात ही किंचाळी जास्त वेळ चालते. हेडलाइट लावले की आणखी एक तान ऐकू येते. मग इंजिन तापतं, पट्टा कोरडा होतो आणि गाडी निमूटपणे गोल्डन नेस्टच्या दिशेने निघून जाते.

हा गळा इंजिनाच्या तोंडाशी फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचा. कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव सर्पेंटाइन बेल्ट, कारण तो चार-पाच पुल्यांमधून नागमोडी फिरतो. गॅरेजमध्ये त्याला सरसकट फॅनबेल्ट म्हणतात, मग त्यावर फॅन फिरत असो वा नसो. मालकाला दोन्ही नावं ठाऊक नसतात. "तो आवाज" एवढीच त्याची ओळख.

आमच्या भावोजींचा पिकअप याच जातीचा. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून निघणारी स्टीलची भांडी, म्हणजे डबे, पातेली, परातींच्या चळती ठाणे-भिवंडीकडे पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. कंपनीची त्यात काही चूक नाही. गाडीचा नंबर एमएच-०४, म्हणजे ठाण्याचा. २०२५ साली मीरा-भाईंदरला एमएच-५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला तेव्हा भावोजींनी नाक मुरडलं. "झिरो फोर बघून हवालदारसुद्धा समजतो, माणूस जुना आहे," असं त्यांचं म्हणणं. हवालदाराला ते पाठीमागच्या धुरावरून समजत असावं, हे मी ताईसमोर बोललो नाही.

या गाडीच्या किंचाळण्याबद्दल भावोजींचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं. "वाजतोय म्हणजे आहे!" पट्टा वाजतोय याचा अर्थ तो अजून जागेवर आहे, तुटलेला नाही. काळजी करायची ती आवाज बंद झाल्यावर. ऐकताना हे वेडगळ वाटतं, पण दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे, हे आम्हाला पुढे गायमुखला कळलं.

तिथे पोचण्याआधी थोडं टेम्पोबद्दल सांगायला हवं, कारण मीरा-भाईंदर हे शहरच मुळात टेम्पोतून आलं आहे. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं आठ लाखांच्या वर. ही माणसं लोकलने आली असतील, पण त्यांची कपाटं, गादीच्या वळकट्या, गॅसची शेगडी आणि हौद्याच्या कोपऱ्यात दोरीने बांधलेली तुळशीची कुंडी टेम्पोनेच आली. मालाड-गोरेगावची खोली विकून 'टू बीएचके' घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या अल्बममध्ये, फाळक्यावर पाय लोंबकळत सोडून बसलेला एक मुलगा असतो. अख्खं शहर वसवूनही टेम्पोचा पुतळा कुठल्या चौकात नाही, हे आश्चर्यच म्हणायचं.

तसा टेम्पो मूळचाही आपल्याच लाइनीवरचा. १९५८ साली फिरोदियांच्या बजाज टेम्पोने जर्मन बनावटीची हॅन्सीट ही तीनचाकी बनवायला घेतली ती गोरेगावात. कारखाना नंतर पुण्याला आकुर्डीला गेला. पुढे १९८८ मध्ये टेल्कोचा टाटामोबाईल आला, २००५ मध्ये टाटा एस आला. याचं दोन सिलिंडरचं, सातशे सीसीचं इंजिन सीटच्या खाली, त्यामुळे चालकाला थंडीत हीटर फुकट. त्याला लोकांनी लगेच छोटा हत्ती करून टाकलं. आज उत्तनची मासळी, गणपतीचा मंडप, लग्नाचं केटरिंग, भंगार आणि भंगाराच्या वाटेवर असलेला सोफा, सगळं याच जमातीच्या पाठीवर फिरतं. २०१५ साली परिवहन खात्याने गाड्यांमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला बंदी घातली, पण ज्याचा पट्टा वाजतो त्या टेम्पोला मुळात हॉर्न लागतो कशाला?

आता पट्ट्याकडे येऊ. पूर्वी इंजिनाच्या पुढ्यात दोन-तीन वेगवेगळे व्ही-बेल्ट असत. एक तुटला तर एक काम अडायचं, बाकीची चालू राहायची. अमेरिकेत १९७९ च्या फोर्ड मस्टँगमध्ये एकच लांब, आतून उभ्या खाचा असलेला सपाट पट्टा आला आणि हळूहळू तो सगळीकडे पसरला. जागा वाचली, वजन वाचलं. पण भावोजींच्या गाडीत हा एकटा पट्टा काय काय ओढतो पाहा. बॅटरी भरणारा डायनामो त्याच्यावर. इंजिनाचं पाणी फिरवणारा पंप त्याच्यावर. पॉवर स्टेअरिंगचा पंप त्याच्यावर. आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांप्रमाणे डायनामोच्या पाठीलाच व्हॅक्यूम पंप बसवलेला, ज्याच्या जोरावर ब्रेक हलक्या पायाने लागतो. एकत्र कुटुंबातल्या एकट्या कमावत्या माणसासारखी त्याची गत. तो कण्हतो ते घरात सगळ्यांना ऐकू जातं, पण डॉक्टरकडे न्यायचं कोणाच्या मनात येत नाही, कारण सकाळी उठून कामाला तर जातोय ना!

डॉक्टरकडे न्यायचं नाही, मात्र औषध सगळे सांगतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी साबण सांगितला. चालू इंजिनावर पट्ट्याच्या कडेला कपड्याच्या साबणाची वडी टेकवायची. आवाज खरोखर बंद होतो, पुढच्या फेऱ्यापर्यंत. नंतर त्या साबणावर घोडबंदर रोडची धूळ बसते आणि पट्टा वरच्या सुरात गायला लागतो. तळमजल्यावरच्या काकांनी खोबरेल तेल सुचवलं. तेलाने रबर फुगतं आणि पकड उरलीसुरलीही जाते, पण काकांच्या गुडघ्याला गुण आला होता. एकाने लिंबू-मिरची बदलायला सांगितली. तो उपाय तेवढा निरुपद्रवी होता, म्हणून ताबडतोब अमलात आला.

खरी परीक्षा एकच, आणि ती मला एका पार्ट्सच्या दुकानदाराने सांगितली. इंजिन चालू ठेवायचं, हात आणि शर्टाची बाही लांब ठेवायची, आणि पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर साधं पाणी फवारायचं. आवाज थोडा वेळ गेला आणि परत आला, तर एखादी पुली तिरकी बसली आहे. आवाज वाढला, तर पट्टा सैल आहे, घसरतोय. आम्ही इस्त्रीवाल्याकडून फवाऱ्याची बाटली मागून आणली. बॉनेटभोवती वॉचमन, दूधवाला आणि शाळेच्या बसची वाट पाहणारी मुलं जमली. भावोजींनी फवारा मारला आणि पट्ट्याने अशी काही आरोळी ठोकली की इस्त्रीवाला आपली बाटली घेऊन निघून गेला. निदान स्पष्ट होतं. त्यावर भावोजींचा निकालही स्पष्ट होता. "बघ, किती जोर आहे अजून त्याच्यात!"

चिरा दाखव, मग बदलतो, असं ते म्हणत. इथे त्यांची बाजू थोडी घ्यायला हवी. जुने निओप्रिनचे पट्टे म्हातारे झाले की तडकायचे; इंचभरात तीन-चार चिरा मोजल्या की काढून टाकायचा, हा तेव्हाचा ठोकताळा. मेकॅनिकच्या आणि मालकाच्या दोन पिढ्या चिरा मोजण्यातच वाढल्या. आताचे पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे. ते सहजी तडकत नाहीत, आतून झिजतात. खाचा रुंद होतात, पट्टा पुलीत खोल बसतो आणि घसरायला लागतो. वरून बघाल तर काळाकुळकुळीत, तुकतुकीत, काही रोग नाही. लाखभर किलोमीटर झालेला पट्टाही असा राजबिंडा दिसू शकतो. भावोजींच्या गाडीचे किती झाले हे सांगता येत नाही, कारण किलोमीटरचा काटा त्यांनी गाडी घेतली तेव्हापासून संपावर आहे.

शिवाय बॉनेट उघडणार कोण? भावोजींचं बॉनेट वर्षातून हमखास उघडतं ते दसऱ्याला. रेडिएटरला हळदकुंकू, बॅटरीला अक्षता, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि पट्ट्याकडे न बघता बॉनेट बंद. दुसरा सण पासिंगचा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या आठवड्यात जुन्या पिकअपचं रूप बघावं. हौद्याला रंग, बंपरला चांदी, नवीन रिफ्लेक्टर पट्ट्या, काचा लख्ख. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात होत नसेल इतकी तयारी. इतका खर्च बाहेर केल्यावर आतल्या पट्ट्यासाठी पैसे कुठून उरणार! वास्तविक त्या पट्ट्याची किंमत टाकी भरायच्या खर्चापेक्षा कमी.

तर गायमुख. हौद्यात डबे आणि परातींची रास, भावोजी स्टेअरिंगवर, मध्ये पोऱ्या, खिडकीशी मी. मला ठाण्याला काम होतं आणि भावोजींना सोबत हवी होती. काशिमीऱ्याहून फाउंटन हॉटेलच्या वळणापर्यंत पट्टा गातच होता. चेण्याला जरा चढला. गायमुखच्या चढाखाली नेहमीची रांग लागलेली. कंटेनरच्या मागे कंटेनर, मध्ये आम्ही. आणि अचानक पुढून फट्‌ असा आवाज आला, बॉनेटखाली काहीतरी दोनदा आपटलं, आणि सगळं कसं शांत झालं. इतकं शांत की हौद्यातली एक परात दुसरीला लागून किणकिणली तीही ऐकू आली.

भावोजींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ," ते म्हणाले, "आपोआप गेला की नाही आवाज? उगाच माझ्या मागे लागला होता तू!"

"काका, लाल दिवा लागलाय," पोऱ्या म्हणाला.

"तो मधूनमधून लागतो. त्याच्याकडे बघू नकोस."

रांग पुढे सरकली. भावोजींनी स्टेअरिंग फिरवलं आणि त्यांच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली, कारण स्टेअरिंग दगड झालं होतं. पाचेक मिनिटांनी उष्णतेचा काटा उठला आणि न थांबता वर निघाला. या जुन्या डिझेल इंजिनांची गंमत अशी की एकदा सुरू झाल्यावर त्यांना विजेची फारशी गरज नसते. डायनामो मरो, पंप थांबो, ते आपलं धडधडत राहतं आणि स्वतःलाच शिजवून घेतं. तेवढ्यात उताराला भावोजींनी ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला. दुसऱ्यांदा दोन्ही पायांनी दाबावा लागला. तेव्हा कुठे त्यांनी आपणहून गाडी कडेला घेऊन बंद केली, आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर गेली.

रस्त्यात गाडी बंद पडली की आपल्याकडे तज्ज्ञांना बोलवावं लागत नाही. एक रिक्षावाला, एक डिलिव्हरी करणारा मुलगा आणि मॉर्निंग वॉकला निघालेले गृहस्थ हजर झाले. ते गृहस्थ त्या घाटात चालायला कुठून आले हे कोडं अजून सुटलेलं नाही. त्यांनी आधी रेडिएटरचं झाकण उघडा म्हणून आग्रह धरला. पोऱ्याने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. त्या वेळी झाकण उघडलं असतं तर उकळतं पाणी थेट त्यांच्या टोपीपर्यंत आलं असतं. रिक्षावाल्याने नायलॉनची दोरी काढली. जुन्या व्ही-बेल्टच्या जमान्यात दोरी, ओढणी, काय वाटेल ते बांधून लोक पुढच्या गॅरेजपर्यंत जायचे. इतक्या पुल्यांतून, उलटसुलट वळणं घेत जाणाऱ्या पट्ट्याच्या जागी दोरी काय करणार? ती पहिल्याच पुलीशी गुंडाळली गेली. ती सोडवताना बोटं भाजली ती वेगळी.

मागून उत्तनचा मासळीचा टेम्पो आला आणि थांबला. त्याचा चालक उतरला, आत वाकून बघितलं, काही न बोलता आपल्या सीटमागून एक अख्खा पट्टा काढला. तो कायम बरोबर ठेवतो, म्हणाला. बर्फाचं खारट पाणी आणि समुद्राचा वारा यांनी पुल्यांना गंज चढतो, गंजलेली पुली पट्टा खाते, आणि मासळी कोणासाठी थांबत नाही. त्याने पट्ट्याच्या पाठीवरचा आकडा दाखवला. अशा पट्ट्यांवर पीके अशी खूण असते. तिच्या आधीचा आकडा खाचांचा, नंतरचा लांबीचा, मिलिमीटरमध्ये. त्याचा सात खाचांचा होता, आमचा सहा. उपयोग शून्य. पण इतकं सगळं त्याने दोन मिनिटांत समजावून सांगितलं आणि वाकटीचा वास मागे ठेवून तो निघून गेला. त्या दिवशी भेटलेल्यांपैकी गाडीविषयी खरोखर काही ठाऊक असलेला तो एकटाच.

मग टोचन, मग काशिमीऱ्याचं गॅरेज. इथून पुढची कथा जुन्या पिकअपच्या प्रत्येक मालकाला तोंडपाठ असेल. माणूस पट्टा बदलायला जातो. मिस्त्रीने तुटका पट्टा बाहेर काढला आणि मोकळ्या पुल्या एकेक करून हाताने फिरवायला लागला. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. पहिली पुली फिरली, हळूच थांबली, आवाज नाही. "ये सही है." दुसरी, पट्ट्याला दिशा देणारी आयडलर, खरखर करत फिरली ती थांबेचना, आतलं ग्रीस कधीच वाळून गेलेलं. तिसरा टेन्शनर. स्प्रिंग इतकी मऊ की मिस्त्रीने करंगळीने दाबून दाखवली. म्हणजे पट्टा सैल होता तो पट्ट्याच्या दोषाने नव्हे. टेन्शनर गेला म्हटल्यावर होणारा विनोद त्या गॅरेजमध्ये रोज होतो, म्हणून इथे करत नाही. मग वॉटर पंप. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी झिरपतं. आमच्या भोकाखाली हिरवट-तांबड्या पाण्याचा ओघळ वाळून पापुद्रा झालेला. मग व्हॅक्यूम पंपाची ऑइलची नळी. तिच्यातून थेंबथेंब ऑइल इतके दिवस नेमकं पट्ट्यावरच पडत होतं. तळमजल्यावरच्या काकांचा तेलाचा उपाय गाडीने स्वतःच करून घेतला होता म्हणायचा.

इतकं झाल्यावर मिस्त्रीने बॅटरीमागे हात घातला आणि चिंध्या, सुतळी आणि बिस्किटाचा कागद यांचं एक उंदराचं घरटं काढलं. त्याच्या तळाशी एक दहा नंबरचा पाना निघाला. तो मागच्या वेळी काम केलेल्या मिस्त्रीचा. सध्याच्या मिस्त्रीने तो पुसून शांतपणे स्वतःच्या पेटीत टाकला. सबंध दिवसात कोणाचा फायदा झाला असेल तर तो त्याचा.

पट्टा आणायला मला दुकानात पिटाळलं. जुन्यावरचे आकडे ऑइलने पुसले गेलेले. दुकानदाराने तुटकी टोकं जुळवून तो खिळ्याला लटकवला, शेजारी नवीन लावला, मान तिरकी करून दोन्हींची खालची वळणं पाहिली आणि एक खाली काढून दुसरा लावला. "ओरिजिनल पाहिजे की चालेल असा?" त्याने विचारलं. "चालेल असा" म्हणजे काय, असं विचारल्यावर तो हसला. मी ओरिजिनल घेतला.

बिल आल्यावर भावोजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पट्टा सगळ्यात शेवटच्या ओळीत होता, आणि सगळ्यात स्वस्त. "म्हणजे पट्टा तसा चांगलाच होता," ते म्हणाले. "बाकीच्यांनी मारला त्याला." वैद्यकीयदृष्ट्या यात काडीची चूक नाही.

जुना पिकअप ज्यांच्या दारात आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. पट्टा काढाल तेव्हा बाकीच्या पुल्याही मिस्त्रीकडून हाताने फिरवून घ्या आणि आवाज स्वतःच्या कानाने ऐका. नवीन पट्ट्यावरच्या आकड्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. काढलेला पट्टा अजून धड असेल तर टाकू नका, सीटमागे अडकवा. आणि ज्यांच्याकडे पिकअप नाही त्यांनी घोडबंदर रोडला पुढच्या टेम्पोखालून हिरवं पाणी गळताना दिसलं तर बाजूला गाडी घेऊन चालकाला सांगावं. तो "माहितीये" म्हणेल. तरी सांगावं.